आभारप्रदर्शन सुरू असताना कॅमेरा बंद करू नका

येत्या मार्च २०२७ मध्ये महाडच्या पहिल्या परिषदेला शंभर वर्षे पूर्ण होतात. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेची आठवण म्हणून कोकणात तालुक्या-तालुक्याला परिषदा होतील, आणि आपला सिंधुदुर्ग जिल्हाही त्याला अपवाद असणार नाही. मंडप उभे राहतील, पंचशील ध्वज लागतील, मुंबईहून चाकरमानी येतील. आणि या वेळी जवळजवळ प्रत्येक संयोजन समितीत एक तरुण असा असेल, जो म्हणेल, "नुसतं शूटिंग नको, आपण डॉक्युमेंटरी करूया."

आम्ही मालवण, कणकवली आणि कुडाळ तालुक्यांतल्या बौद्धवाड्यांमध्ये काम करणारे काही कार्यकर्ते आहोत. हा प्रस्ताव आम्हाला मनापासून पटतो. पण परिषदेचे शूटिंग आणि परिषदेवरचा माहितीपट या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक आधी कळला नाही तर शताब्दीनंतर आपल्या हातात शेकडो तासांची भाषणे उरतील आणि चित्रपट एकही नसेल. म्हणून हा लेख.

आज काय होते ते पाहू. परिषदेच्या खर्चाच्या यादीत मंडप, जेवण, साउंड यांच्या खाली 'शूटिंग' अशी एक ओळ असते. हे काम बहुधा लग्नाचे शूटिंग करणाऱ्या माणसाकडे जाते. तो आपल्या सवयीप्रमाणे काम करतो: व्यासपीठासमोर एक कॅमेरा तिवईवर, दुसरा हातात, आणि पैसे जास्त असतील तर वर एक ड्रोन. धूप-दीप, त्रिशरण-पंचशील, मान्यवरांचे स्वागत, पुन्हा स्वागत, राहिलेल्यांचे स्वागत, प्रास्ताविक, भाषणे. सगळे थेट प्रक्षेपित होते. त्याच संध्याकाळी वक्त्यांचे कार्यकर्ते आपापल्या साहेबांच्या भाषणाचे एका मिनिटाचे तुकडे कापून मोबाइलवर फिरवतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये बोधगयेला महाबोधी महाविहार मुक्तीसाठी उपोषण सुरू झाले, तेव्हापासून महाराष्ट्रात त्या आंदोलनाच्या पाठिंब्यासाठी कितीतरी सभा झाल्या. त्यांचे असे तुकडे प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आले आणि गेले. पण १९४९ चा बोधगया मंदिर कायदा नेमका काय म्हणतो, व्यवस्थापन समितीत कोण किती असतात, आपल्या गावच्या सभेत बसलेल्या माणसाला त्यातले काय उमगले, हे त्या तुकड्यांतून समजत नाही. आवेश तेवढा समजतो.

समाजशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हा कॅमेरा परिषदेतली उतरंड जशीच्या तशी चित्रित करतो. व्यासपीठावरच्या माणसाचा चेहरा पडदाभर आणि समोरच्या दोन हजारांचा मिळून एक 'क्राउड शॉट'. ज्या चळवळीने माणसाला माणूस म्हणून मोजा असे सांगितले, तिच्याच परिषदेत बाकीच्यांना आपण गर्दी म्हणून मोजतो. यात शूटिंगवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला आपणच तसे सांगितलेले असते.

आता महाडकडे वळू. समजा, १९२७ मध्ये एखाद्याने कॅमेरा नेला असता आणि आजच्या आपल्या पद्धतीने तो व्यासपीठासमोर लावला असता, तर त्याला काय मिळाले असते? बाबासाहेबांचे अध्यक्षीय भाषण मिळाले असते, आणि ते अनमोल ठरले असते, यात वादच नाही. ठराव मिळाले असते. पण चवदार तळे त्याच्या हाती लागले असते का? नोंदी अशा आहेत की परिषद संपत आली होती, आभार मानले जात होते, आणि त्या वेळी अनंतराव चित्रे यांनी उठून सुचवले की महाडच्या तळ्यावर जाऊन पाणी प्यायल्याशिवाय परिषद संपू नये. नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता, पण तो कागदावर होता. तो कागद खरा करायला लोक आभारप्रदर्शनाच्या वेळी निघाले. आपल्याकडे आभारप्रदर्शनाला शूटिंगवाला वायरी गुंडाळत असतो.

आणखी मागे जा. त्या परिषदेसाठी पिण्याचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले, चाळीस रुपयांचे. पाण्याच्या हक्कासाठी भरलेल्या परिषदेला पाणी विकत! हे पाणी कोणी आणले, कोणाकडून घेतले, पैसे कोणी मोजले, भांडी कोणाची होती, यावर एक अख्खे प्रकरण उभे राहू शकले असते. ते घडले ते मंडपाच्या मागे. तळ्यावरून लोक परतल्यावर आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि मंडपावर हल्ला झाला. कोणी जेवत होते, कोणी गावी निघण्यासाठी सामान बांधत होते. अन्न मातीत मिसळले. हेही परिषद 'संपल्यानंतर'. डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेला मंडपासाठी महाडात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. ही गोष्ट परिषदेच्या आधीची. त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले हे सर्वांना माहीत असते. पण बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्र बोलले, लुगडे नेसण्याची जात ओळखू येणारी पद्धत सोडा असे त्यांनी सांगितले, आणि चित्रे व टिपणीस यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना वेगळ्या पद्धतीने लुगडे नेसायला मदत केली, हे फार थोडे सांगतात. चित्रपट करणाऱ्याला विचारा, तो हे दृश्य आधी मागेल. आणि तळ्याचा खटला? उच्च न्यायालयाचा निकाल आला मार्च १९३७ मध्ये. परिषद दोन दिवसांची, तिचा शेवट दहा वर्षांनी.

हे सगळे आपल्याला कॅमेऱ्याशिवाय कसे कळले? कारण लिहिणारे होते. महाडनंतर पंधरवड्याच्या आत, ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले आणि परिषदेचा वृत्तान्त, तिच्यावरची टीका, टीकेला उत्तर हे सगळे छापून आले. त्या लिखाणात व्यासपीठ आहे, पण ते वाट, पाणी, जेवण, मार, पोलीस, मामलेदार यांच्या मधोमध आहे. माहितीपट म्हणजे दुसरे काय? परिषद ही घटना नसते, ती एका लांबलेल्या घटनेतला दोन दिवसांचा मुक्काम असतो. ज्याला चित्रपट करायचा आहे त्याने मुक्काम टिपावाच, पण वाट सोडू नये.

चित्रीकरणाचे आपल्या चळवळीतले सर्वांत मोठे उदाहरण नामदेवराव व्हटकर यांचे. ७ डिसेंबर १९५६ ला मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. त्या जनसागराचे चलचित्रण व्हावे म्हणून व्हटकरांनी पैशांची जुळवाजुळव केली, त्यासाठी आपला छापखाना गहाण ठेवला, आणि सुमारे तीन हजार फूट फिल्म घेतली. चित्रपटाच्या नेहमीच्या वेगाने तीन हजार फूट म्हणजे अर्ध्या तासाहून थोडे अधिक. आज कोणताही तरुण खिशातल्या फोनवर एवढे चित्रीकरण चहा पिता पिता करतो. पण छापखाना गहाण ठेवलेल्या माणसाला प्रत्येक फुटाला विचार करावा लागला असेल: आता कॅमेरा फिरवू की थांबू, कोणाचा चेहरा घेऊ, शववाहिनी की गच्चीवर उभी माणसे. आपल्याकडे साधने स्वस्त झाली तसा हा विचार करणे मात्र आपण सोडून दिले.

जगात परिषदांचे चित्रपट झाले आहेत, आणि त्यांतले दोन आपल्या तरुणांनी जरूर पाहावेत. एप्रिल १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या टाऊन हॉलमध्ये स्त्रीमुक्तीवर एक जाहीर चर्चा झाली. मंचावर नॉर्मन मेलर हा त्या काळचा गाजलेला लेखक, आणि त्याच्यासमोर जर्मेन ग्रीअर, जिल जॉन्स्टन यांच्यासारख्या स्त्रिया. डी. ए. पेनेबेकर यांनी ते चित्रित केले. चित्रपट आला १९७९ मध्ये, 'टाऊन ब्लडी हॉल' या नावाने. मधली वर्षे ते चित्रीकरण पडून होते. पुढे ख्रिस हेजेडस या स्त्री संकलकाने त्याला हात घातला आणि त्यातून दीड तासाच्या आतली, श्रोत्यांच्या आरोळ्यांसह, अर्धवट तुटलेल्या वाक्यांसह, गोंधळासह एक जिवंत गोष्ट काढली. आपल्या सभेत कोणी उठून उलट प्रश्न विचारला तर आपण तो भाग आधी कापतो. त्या चित्रपटात जीव आहे तो नेमका त्या भागात.

दुसरा 'विंटर सोल्जर', १९७२ चा. डेट्रॉइट शहरात १९७१ च्या जानेवारीअखेर तीन दिवस शंभराहून अधिक अमेरिकी सैनिक एकत्र आले आणि व्हिएतनाममध्ये आपण काय केले, काय पाहिले, ते त्यांनी एकामागून एक सांगितले. चित्रपट करणाऱ्यांनी स्वतःचे एकेकट्याचे नाव पुढे न करता एका गटाच्या नावाने तो केला. त्यात फारसे काहीच 'घडत' नाही. माणसे बोलतात आणि कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावरून हलत नाही. सांगता सांगता एखादा थांबतो, पाणी पितो, पुन्हा सुरू करतो. अत्याचारग्रस्तांच्या साक्षी आपल्याही परिषदांमध्ये होतात. आपण त्यांना वक्त्यांच्या मधे तीन मिनिटे देतो आणि सूत्रसंचालक चिठ्ठी पाठवतो.

घरचे उदाहरण आनंद पटवर्धनांचे आहे. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले, काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली, आणि 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण झाला २०११ मध्ये. चौदा वर्षे. त्यात सभा आहेत, जलसे आहेत, जयंत्या आहेत, पण प्रत्येक सभेनंतर कॅमेरा कोणाच्या तरी घरी जातो. आता आपल्यातले दिग्दर्शकही पुढे आले आहेत. सोमनाथ वाघमारे यांनी भीमा कोरेगावच्या मेळाव्यावर आणि पुढे 'चैत्यभूमी'वर माहितीपट केले. सहा डिसेंबरच्या गर्दीला दुसऱ्यांचे कॅमेरे अनेक वर्षे वाहतुकीची कोंडी म्हणून पाहत आले. त्याच गर्दीला आपल्या माणसाचा कॅमेरा पाहतो तेव्हा पुस्तकांचे स्टॉल दिसतात, गाणारे दिसतात, रात्रभर प्रवास करून आलेली म्हातारी दिसते.

तर मग सिंधुदुर्गात काय दिसायला हवे?

आधी जे टाळायला हवे ते सांगतो. मालवणचे नाव घेतले की ड्रोन समुद्रावर जातो. तारकर्लीची वाळू, किल्ल्याचा तट, नारळाच्या झावळ्या. पर्यटन खात्याच्या जाहिरातीत ते शोभते. आपल्या परिषदेच्या चित्रपटात ते पहिल्या दृश्यात आले तर प्रेक्षकाने काय समजायचे? या किनाऱ्यावर हॉटेले आणि होम-स्टे उभे राहिले, त्यात बौद्धवाडीच्या वाट्याला जमीन किती आणि चाकरी किती, हा प्रश्न त्या दृश्याखाली गाडला जातो. (शिवाय सिंधुदुर्ग किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत आहे. तिथे चित्रीकरणाला परवानगी लागते, हे संयोजकांनी लक्षात ठेवावे.) मालवणने हा धडा अलीकडेच पाहिला आहे. राजकोटावरच्या शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाचे, ४ डिसेंबर २०२३ चे, भव्य चित्रीकरण देशाने पाहिले. २६ ऑगस्ट २०२४ ला तो पुतळा कोसळला. आज त्या सोहळ्याची फीत कोणी पाहिली तर तो तिच्याकडे सोहळा म्हणून पाहूच शकत नाही. नंतर जे घडते ते आधीच्या चित्राचा अर्थ बदलते. परिषदेचेही तसेच असते, म्हणून ठरावांच्या पुढच्या वर्षाचे चित्रीकरण परिषदेच्या चित्रीकरणाइतकेच महत्त्वाचे.

आपल्या परिषदांमध्ये ठराव वाचले जातात आणि टाळ्यांनी मंजूर होतात. स्मशानभूमीला रस्ता, विहाराची जागा नावावर होणे, सातबाऱ्यावर नाव लागणे, वसतिगृह, शिष्यवृत्ती. कोकणात जमिनीच्या प्रश्नाची मुळे खोल आहेत. १९३७ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला, त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या कोकण दौऱ्यात बाबासाहेब कणकवलीत बोलले. खोती संपवणारा कायदा १९४९ चा, कनिष्ठ वतने संपवणारा १९५८ चा. यातून आमच्या कोणत्या वाडीला किती गुंठे मिळाले, कोणाचे कूळ म्हणून नाव लागले आणि कोणाचे राहिले, हे तलाठ्याच्या दप्तरात आहे आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. परिषदेतला एक ठराव घ्या, एकच, आणि कॅमेरा घेऊन त्याच्या मागे एक वर्ष फिरा. तलाठी, तहसील, ग्रामसभा. तुमचा चित्रपट तयार होईल.

वाडीचे नाव पडद्यावर काय लिहाल, हाही सोपा प्रश्न नाही. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. काही ठिकाणी नवीन पाट्या लागल्या. लोकांच्या बोलण्यात मात्र जुनेच नाव असते, आणि 'बौद्धवाडी' हे नाव तर आपण स्वतः अभिमानाने घेतलेले. ते जातिवाचक कसे, असे विचारणारे तरुण आम्हाला भेटतात, आणि ते काढून टाकले पाहिजे असे म्हणणारेही. चित्रपटात हा वाद येऊ द्या. तो पाटी लिहून मिटवू नका.

मग माणसे. १९५६ ला जो पंधरा वर्षांचा होता तो आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. दीक्षेनंतर गावातले देव नदीत सोडले तो दिवस, गावकीची कामे नाकारली तो दिवस, त्यानंतर बंद झालेली मजुरी, हे आठवणारी पिढी शताब्दीच्या वर्षात आपल्याला भेटणारी बहुधा शेवटची. ही माणसे परिषदेत मागच्या खुर्च्यांवर असतात. त्यांना ध्वनिक्षेपकासमोर उभे केले तर म्हणतात, "माका भाषान करूक येणा नाय." येणारही नाही, आणि यायची गरजही नाही. त्यांच्या पडवीत जा, मालवणीतच बोलू द्या, खाली प्रमाण मराठीत ओळी द्या. कोणाच्या तोंडी शुद्ध मराठी घालण्याचा अट्टाहास आम्हाला अपमानास्पद वाटतो. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये आणले, ते अशाच शोधातून: आंबेडकरी चळवळीतल्या ज्या बायकांची नावे वृत्तान्तांत राहून गेली त्यांच्या घरी जाऊन, त्यांना बोलते करून. ऊर्मिलाताई कोकणच्याच. त्या दोघींनी टेप आणि वही घेऊन जे केले ते आपण कॅमेरा घेऊन का करू नये?

बायकांचा विषय निघालाच आहे तर जेवणाकडे या. परिषदेच्या आदल्या रात्री विहारामागे चुली पेटतात. भात, काळ्या वाटाण्याचे सांबार. पाचशे माणसांचा अंदाज बाया डोळ्यांनी करतात आणि तो चुकत नाही. त्या बोलतात ते ऐकण्यासारखे असते: कोणाचा मुलगा नाशिकला कंपनीत लागला, कोणाची सून मंडळाची वर्गणी देत नाही, या वक्त्याने गेल्या वर्षी काय सांगितले होते. परिषदेचे खरे मूल्यमापन तिथे चालते. सकाळी भाषणे सुरू होतात तेव्हा या बाया भांडी घासत असतात, आणि विषय असतो 'धम्म आणि स्त्री'. दोन्ही दृश्ये शेजारी ठेवली तर निवेदनाची गरजच नाही.

आणि चाकरमानी. मालवणला रेल्वे नाही. कणकवलीला, सिंधुदुर्ग स्थानकावर किंवा कुडाळला उतरायचे आणि पुढे एसटी किंवा रिक्षा. वाडीतली निम्मी घरे वर्षभर कुलूपबंद, मे महिन्यात आणि परिषदेला उघडतात. परिषदेचा पैसा मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या गावमंडळांकडून येतो, आणि निर्णयही तिकडूनच येतात. गावात राहणारे आणि मुंबईत राहणारे यांच्यात जो ताण आहे, तो सभागृहात कोणी बोलत नाही. गाडी परत निघाल्यावर कुलूप लावणारा हात तो सांगून जातो.

संकलनाबद्दल आपल्या जिल्ह्यातच एक शाळा आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी कला आहे. परशुराम गंगावणे यांना तिच्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथी सांगणारा एक चित्र समोर धरतो, त्यावर गातो, बोलतो, आणि मग पुढचे चित्र काढतो. कोणते चित्र किती वेळ धरायचे हे तो श्रोत्यांकडे पाहून ठरवतो. कथा त्यांच्या रामायण-महाभारतातल्या, आपल्या नव्हेत. पण हातातल्या सगळ्याच चित्रांना सारखाच वेळ द्यायचा नसतो, हे त्यांच्याकडून शिकावे. आपल्या परिषदेच्या चित्रफितीत प्रत्येक पाहुण्याला सारखा वेळ मिळतो, कारण नाही तर पाहुणा रुसतो.

इथे खरी अडचण येते, आणि ती तांत्रिक नाही. आपले गट आहेत. कोणाच्या व्यासपीठावर कोण बसणार नाही हे ठरलेले असते. माहितीपटाला ज्याने पैसे दिले त्याचा चेहरा किती वेळा दिसावा, विरोधी गटाच्या माणसाची मुलाखत घ्यावी का, यावर चित्रपट तयार होण्याआधीच मोडतो. आमचे मत स्पष्ट आहे: देणगीदाराचे नाव शेवटी पाटीवर, सर्वांचे सारख्या आकारात. संकलन कोणी करायचे ते परिषदेआधी लेखी ठरवावे, चार-पाच जणांचा गट असावा, त्यात निदान दोन स्त्रिया आणि एक तरी गावात राहणारा असावा, आणि संयोजन समितीला चुकीची माहिती दुरुस्त करण्याचा अधिकार असावा, दृश्ये कापण्याचा नसावा. हे कठोर वाटेल. पण समितीने कापलेला चित्रपट म्हणजे अहवालच. तो छापून वाटला तर स्वस्त पडतो.

तांत्रिक गोष्टी थोडक्यात सांगतो. चित्र धूसर चालेल, आवाज खराब चालणार नाही. साउंडवाल्याच्या यंत्रातून थेट वायर घेऊन वेगळे ध्वनिमुद्रण करा, कारण आपल्या किनाऱ्यावरचा वारा कॅमेऱ्याच्या माइकवर भाषण खाऊन टाकतो. चित्रीकरण त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा. कोणत्या फितीत काय आहे याची वही ठेवा. वही नसेल तर सहा महिन्यांनी कोणालाही काही सापडत नाही. भीमगीते वापरायची तर गायक आणि कंपनीची परवानगी आधी घ्या, नाही तर चित्रपट इंटरनेटवर टाकल्यावर त्यावर दुसऱ्याचा हक्क सांगितला जातो. वाडीतल्या भजनमंडळींनी स्वतः म्हटलेल्या गाण्याचे ध्वनिमुद्रण करणे हा त्यावर चांगला उपाय, फक्त गाणे कोणी रचले ते आधी विचारा. आणि सार्वजनिक प्रदर्शनासाठी १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रमाणपत्र लागते, हे सभागृह भाड्याने घेण्याआधी पाहून ठेवा.

एक गोष्ट मात्र थोडक्यात आटोपता येणार नाही, ती म्हणजे संमती. ३१ डिसेंबर २०१७ च्या एल्गार परिषदेनंतर परिषदेतल्या शब्दांचा आणि गाण्यांचा तपास कसा होतो, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. परिषदेत बोललेले वाक्य आणि चित्रपटात कायमचे ठेवलेले वाक्य यांचे वजन सारखे नसते. अत्याचाराची साक्ष देणारी मुलगी त्या दिवशी धीराने बोलते. पण तिचा खटला चालू असेल, ती त्याच गावात राहत असेल, पुढच्या वर्षी तिचे लग्न ठरत असेल. म्हणून संमती दोनदा घ्या. एकदा चित्रीकरणाआधी, आणि पुन्हा संकलन झाल्यावर, तिला तिचा भाग दाखवून. ती नको म्हणाली तर तो भाग काढा, मग चित्रपटातला तो सर्वांत चांगला भाग असला तरी. सम्यक वाचा आपण म्हणतो ती दुसऱ्याच्या शब्दांनाही लागू आहे.

या सगळ्याला एक आक्षेप घेतला जातो, आणि तो घेणारी माणसे प्रामाणिक आहेत. ती म्हणतात, विहाराचे छप्पर गळते आहे, मुलांच्या अभ्यासिकेला पुस्तके नाहीत, आणि तुम्ही चित्रपटाला पैसे मागता. आम्ही हिशेब असा मांडतो: ड्रोन, दुसरा कॅमेरामन, मान्यवरांच्या शाली आणि स्मृतिचिन्हे यांवर आपण एका दिवसात जे खर्च करतो, त्यातून एक साधा कॅमेरा, एक चांगला माइक आणि दोन तरुणांचा वर्षभराचा एसटीचा प्रवास निघतो. छपराचे पैसे छपरालाच जाऊ द्या.

कामाला सुरुवात मार्च २०२७ ला करून चालणार नाही. महाडच्या परिषदेआधी कार्यकर्ते गावे फिरत होते. माणसे आपोआप जमली नव्हती. आपल्याकडे वर्षावास आहे. आषाढ ते आश्विन तीन महिने वाडीवाडीच्या विहारात ग्रंथवाचन चालते, माणसे निवांत बसतात, बाहेर पाऊस असतो. त्या काळात प्रत्येक तालुक्यातल्या दोन तरुणांनी दर आठवड्याला एका वृद्धाकडे किंवा वृद्धेकडे जावे, एक तास बसावे, मुद्रण करावे, नाव, वाडी, तारीख वहीत लिहावी. परिषद तोवर जाहीर झालेली असो वा नसो. आणि परिषद झाल्यावर चित्रपटाचा पहिला खेळ मुंबईच्या सभागृहात नको. तो ज्या वाडीत चुली पेटल्या तिथे, विहाराच्या भिंतीवर पांढरी चादर लावून व्हावा, आणि खेळ संपल्यावर बाया काय बोलतात तेही मुद्रित करावे.